चार कान, पाच डाग

१

दशरथ शनिवारी गेला. सोमवारी दुपारी विपुलशेठने समीक्षा कोळंबेला फोन करून कारखान्यात बोलावून घेतलं, आणि तिची स्कूटी आत येताच मागे फाटकाला कुलूप लागलं.

"बाहेरची मानसं आत येतील म्हनून," वॉचमन म्हणाला. पण ते सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या गॅरेजच्या पत्र्याखाली, ठाकूरवाडीची तीस-चाळीस माणसं बसली होती. ओरडा नाही, घोषणा नाही. नुसती बसलेली. समीक्षा त्यांच्यासमोरूनच आली होती, आणि कोणीतरी म्हणालेलं तिने ऐकलं होतं, "हीच ती सईवाली."

समीक्षाचं काम म्हणजे लोखंडाची डॉक्टरकी. खोपोली-खालापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत वेल्डिंग झालं की पोशीरच्या घरून तपासणीची पेटी घेऊन जायचं, जोड न तोडता तपासायचा आणि पास की नापास ते कागदावर लिहून खाली सही करायची. तिच्या सहीवाचून माल फाटकाबाहेर पडत नसे. नऊ वर्षं ती हे करत होती.

विपुलशेठच्या कारखान्यात एका औषध कंपनीसाठी सहा टनांची टाकी बनली होती. ती क्रेनने उचलायला वरच्या बाजूला लोखंडी कड्यांसारखे चार तुकडे वेल्ड केलेले होते. कामगार त्यांना टाकीचे कान म्हणत. गेल्या सोमवारी समीक्षाने ते चारही कान तपासून पास केले होते. शुक्रवारी टाकी ट्रेलरवर चढवताना तिसरा कान उपटला आणि टाकी खाली आली. दोर धरून उभा असलेला ठाकूरवाडीचा कामगार दशरथ तिच्याखाली सापडला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला.

केबिनमध्ये विपुलशेठने एक टाइप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला.

"पाच वाजता फॅक्टरी इन्स्पेक्टर येतायत. त्याआधी यावर सही करा. 'तपासणीत नजरचूक झाली', एवढंच लिहिलंय. नजरचूक माणसाकडून होतेच. वकील आमचा, खर्च आमचा."

"मी तो जोड नीट तपासला होता, शेठ."

"मग तुटला कसा?" विपुलशेठ चिडला. "आधीच यंदा एक टाकी मापात चुकली म्हणून गिऱ्हाइकाने परत पाठवलीय. त्यात हे. हा बघा तुमचा रिपोर्ट. सही तुमची की नाही?"

त्याने फाइल उघडून धरली. रिपोर्टवर टाकीची आकृती होती, चारही कानांच्या जागा मापांसह दाखवलेल्या, पुढे 'निर्दोष' असा शेरा आणि खाली तिची सही. अगदी तिचीच, शेवटचं अक्षर खाली ओढायची सवयसुद्धा तीच.

समीक्षाने कागद दोनदा वाचला. गेल्या सोमवारचा रिपोर्ट तिने निळ्या पेनाने, हाताने भरला होता. हा कॉम्प्युटरवर छापलेला होता.

सही तिची होती. रिपोर्ट तिचा नव्हता.

२

असं कसं होऊ शकतं, हे तिला लगेच कळलं.

जूनमध्ये इथल्या क्वालिटीचं काम बघणाऱ्या ऋषिकेशने तिच्याकडून दोन कोरे फॉर्म सही करून घेतले होते. "मॅडम, स्पेलिंग चुकलं तर तेवढ्यासाठी तुम्हाला पोशीरवरून बोलवायचं का? सगळेच देतात." सगळेच देत होते, हे खरं होतं. फॉर्म ऑफिसच्या कपाटात पडून होते आणि कपाटाला कुलूप नव्हतं. हा रिपोर्ट माझा नाही म्हणायचं, तर कोरी सही दिल्याचं सांगावं लागणार. ते सांगितलं की सर्टिफिकेट गेलं. आणि गप्प बसलं, तर दशरथचं मरण तिच्या नजरचुकीच्या खाती जाणार. दोन्हीकडून दार बंद.

"मला तुटलेला जोड बघायचाय," ती म्हणाली.

विपुलशेठने घड्याळाकडे बघत हात हलवला. "बघा. टाकी पळून जात नाही, आणि तुम्हीपण नाही."

टाकी शेडच्या टोकाला आडवी पडलेली होती, करड्या रंगाची, एखाद्या एसटीएवढी लांब. पोलिसांचा पंचनामा झाला होता. खालची फरशी पाण्याने धुतलेली दिसत होती. तुटलेला कान शेजारी पोत्यावर ठेवला होता. समीक्षा गुडघ्यांवर बसली. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी तपास करायचा नव्हता. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आपल्या डोळ्यांनी चूक केली का.

तिची तपासणी साधी असते. जोडावर लाल द्रव फवारायचा, थोडं थांबायचं, पुसून काढायचा, वर पांढरी पावडर मारायची. केसाएवढी भेग असली तरी तिच्यात मुरलेला लाल रंग बाहेर येतो आणि पांढऱ्यावर रेघ उमटते. भेगेत खोल गेलेला रंग मग वर्षभर निघत नाही. सोमवारी या जोडात भेग असती आणि ती समीक्षाच्या नजरेतून सुटली असती, तर तुटलेल्या तोंडावर आत लाल डाग असायला हवे होते.

लाल कुठेच नव्हतं.

तिने बॅटरी जवळ नेली. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग लखलखीत होता. तो शुक्रवारी तुटलेला. उरलेला अर्धा मळकट होता आणि त्यात खोलवर करडा रंग शिरला होता. टाकीचाच रंग. त्या मळकट भागात मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक छिद्रं होती.

म्हणजे भेग तिच्या तपासणीनंतर पडली होती, आणि टाकी रंगवायच्या आधी.

तिला रडू यायच्या बेतात होतं, पण ते सुटकेचं होतं की भीतीचं, तिलाच कळेना.

३

नवशा वेल्डर, वेल्डिंगचे रॉड कोरडे ठेवणाऱ्या ओव्हनपाशी स्टुलावर बसला होता. कळंबचा माणूस, साठीला आलेला. समीक्षा या धंद्यात नवी असताना चांगला जोड कसा ओळखायचा हे तिला पुस्तकाआधी त्याने शिकवलं होतं.

"काका, चारही कान तुम्हीच लावलेत?"

"मीच. ऋषिकेश सायबानं खडूनं खुना केल्या, मी त्याच्यावर वेल्ड मारला." तो खालीच बघत होता. "पोलिसांनी इचारलं तवाबी हेच सांगितलं."

"माझ्या तपासणीनंतर कोणी हात लावला?"

"सोमवारी तू गेलीस. मंगळवारी गोपाळकाला, कारखाना बंद. मी कळंबला व्हतो, हंडीला. बुधवारी सकाळी रंगवाले आले. कोन हात लावनार?"

"ओव्हनची चावी?"

त्याने गळ्यातला दोरा वर काढला. टोकाला चावी होती. "ह्या दिवसांत रॉड हवेतलं पानी पितात. ओव्हनमधून गरम काढल्याबिगर मी रॉड लावत नाय. शेठला लागली तर शेठ मागून घेतो. बाकी कोनाला देत नाय." मग एकदम त्याचा आवाज खाली आला. "ताई, त्या तुटल्याल्या जोडाकडं नीट बघ. मी तोंड उघडलं तर लोक म्हनतील म्हातारा अंगावरचं झटकतोय. तू बघ."

ती परत टाकीपाशी गेली आणि बघितलं. वेल्डिंगवर माशाच्या खवल्यांसारख्या लाटा असतात आणि हात कुठून कुठे गेला ते त्या सांगतात. नवशा डावरा. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कानावर लाटा उजवीकडून डावीकडे गेल्या होत्या. तिसऱ्यावर उलट.

तेवढ्यात ऋषिकेश आला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, तिशीतला. तिच्यासाठी चहा घेऊन आला होता.

"मॅडम, मला फार वाईट वाटतंय. शेठ तुमच्यावर ढकलतायत. पण मी एक सांगू? सही करून टाका. नजरचुकीला तुरुंग नाही."

"तुम्हाला काय वाटतं, जोड का तुटला?"

"नवशाकाकांचं वय झालं. मी डिप्लोमाच्या आधी आयटीआयला वेल्डिंगच केलंय, मला कळतं. हात थरथरतो त्यांचा." त्याने टाकीकडे पाहिलं. "अजून काही बघायचंय का?"

"आतून बघते," समीक्षा म्हणाली. "जाडी मोजायची आहे."

ऋषिकेशने चहा तिला न देताच खाली ठेवला. "आतून कशाला? आत काय असणार?"

४

टाकीच्या एका टोकाला माणूस जेमतेम आत जाईल असं गोल तोंड होतं, बिजागरीवर जाड झाकण असलेलं. समीक्षा मोजायचं यंत्र गळ्यात अडकवून सरपटत आत शिरली. आत रंग नव्हता. नुसतं उघडं लोखंड, तेलकट, दमट. मोबाइलची रेंज दोन पावलांत गेली.

बाहेर वेल्डिंग केलं की त्याची आच पत्र्याच्या आतल्या अंगालाही लागते आणि तिथे निळसर-तपकिरी डाग पडतो. बाहेरून ग्राइंडर मारता येतो, रंग लावता येतो. आतला डाग मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

तिने बॅटरी फिरवत नेली. पहिल्या कानाचा डाग, वीतभर लांब चौकोन. दुसऱ्याचा. चौथ्याचा. मग तिसऱ्याचा, बाकीच्यांपेक्षा ताजा.

आणि त्याच्यापासून सहा इंचांवर आणखी एक.

कान चार होते. डाग पाच.

तिने पाचव्या डागावर यंत्राचं टोक टेकवलं. पत्रा सगळीकडे बारा मिलिमीटर भरत होता. पाचव्या डागाच्या कडेने तो सव्वाअकरा भरला. कोणीतरी बाहेरून वेल्डिंग घासून काढताना पत्राही थोडा घासला होता. गेल्या सोमवारी कान इथे होता. इथेच तिने तो तपासला होता. मंगळवारी बंद कारखान्यात कोणीतरी तो कापला, सहा इंच सरकवला आणि दमट रॉडने पुन्हा चिकटवला. त्या जोडावर तिची नजर कधी पडलीच नव्हती. आणि तिच्या हाताने भरलेल्या रिपोर्टात कानाची जुनी जागा होती, म्हणून तो रिपोर्टही बदलावा लागला होता.

मागे लोखंडावर लोखंड आदळलं आणि उजेड गेला.

ती वळेपर्यंत झाकण बसलं होतं. बाहेर बोल्ट फिरल्याचा किर्र आवाज आला, मग पावलं, मग काहीच नाही. तिने दोन्ही हातांनी झाकण ढकललं. ते हललं नाही. ती ओरडली तेव्हा तिचाच आवाज सगळीकडून तिच्या अंगावर आला.

५

पंधरा-वीस मिनिटं तिने यंत्राने पत्रा ठोकला. बाहेर कम्प्रेसर चालू झाला होता. ठोकण्याचा आवाज कोणाला जाणार? पाच वाजता इन्स्पेक्टर येणार. फाटकाला कुलूप असून बाई कुठे दिसत नाही, म्हणजे लपली, म्हणजे दोष तिचाच. एवढं सोपं होतं ते.

टाकीच्या बाजूला पाइप जोडायची भोकं होती, लाकडी गुट्ट्यांनी बंद केलेली. अंधारात चाचपडत तिने एक शोधलं आणि पाय लावून रेटलं. चौथ्या-पाचव्या लाथेला गुट्टा बाहेर पडला. मुठीएवढा उजेड आत आला. तिने तोंड लावलं.

"कोणी आहे का? मला काढा!"

भोकासमोर एक विटकं लुगडं आलं. मग एक चेहरा खाली वाकला. चाळिशीची बाई, कपाळ मोकळं. दशरथ जिथे पडला ती जागा बघायला वॉचमनने तिला एकटीला आत सोडलं होतं. तिच्या हातात झेंडूची चार फुलं होती.

समीक्षाने तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण दशरथच्या बायकोचं नाव तिने ऐकलं होतं.

"कोंडीताई?"

"तू कोन?" कोंडीने विचारलं. मग तिनेच उत्तर दिलं. "तू ती सईवाली."

"हो. मला कोणीतरी आत बंद केलंय. तिकडचा बोल्ट फिरवा."

कोंडी हलली नाही. "ऑफिसातला चष्मेवाला आमच्यात येऊन बोलला, बाईनं न बघता सई केली, म्हनून मानूस मेला. खरं का खोटं?"

खोटं, असं म्हणायचं होतं. पाच डाग होते, लाटा होत्या, भेगेतला करडा रंग होता. समीक्षाकडे सांगायला सगळं होतं. पण समोर तो चेहरा होता, आणि मधे मुठीएवढं भोक.

"तो जोड मी बघितला तेव्हा चांगला होता," ती म्हणाली. "नंतर दुसऱ्या कोणीतरी तो काढून वाईट लावला. पण त्याला माझी सही फुकट मिळाली. मी कोऱ्या कागदावर सही करून दिली होती, दोन महिन्यांपूर्वी. ती नसती, तर त्याला मला परत बोलवावं लागलं असतं. मी बघितलं असतं. नापास केलं असतं."

"कोऱ्या कागदावर?"

"हो."

"कशाला?"

"यायचा त्रास वाचावा म्हणून."

कोंडी कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. तिच्या नाकातला श्वास समीक्षाला ऐकू येत होता. मग लुगडं बाजूला झालं, भोकातून फक्त शेडचा पत्रा दिसू लागला, आणि समीक्षाला वाटलं, गेली.

झाकणाकडे बोल्ट किरकिरला.

६

फॅक्टरी इन्स्पेक्टर गायकर एका हवालदाराला घेऊन पाचला दहा मिनिटं असतानाच आले होते. ऋषिकेश त्यांना सांगत होता, मॅडम मघापासून कुठे दिसत नाहीत, फोनही लागत नाही. तेवढ्यात केबिनच्या दारात समीक्षा उभी राहिली. केसांना ग्रीस, कोपर सोललेलं. तिच्या मागे कोंडी. ऋषिकेशचं वाक्य अर्धंच राहिलं.

समीक्षाने बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. भेगेत लाल नाही, करडा आहे. आत पाच डाग आहेत. पाचव्यापाशी पत्रा घासलेला आहे. गायकर स्वतः बॅटरी घेऊन टाकीत शिरले, यंत्र लावून पाहिलं आणि दहा मिनिटांनी परतले.

"कान सरकवलाय, हे मान्य," ते म्हणाले. "पण कोणी?"

"नवशाच," ऋषिकेश म्हणाला. "वेल्डर तोच आहे."

"नवशाकाका डावरे आहेत," समीक्षा म्हणाली. "तिसऱ्या कानावरच्या लाटा उजव्या हाताच्या आहेत. शिवाय जोडात छिद्रं आहेत, म्हणजे रॉड दमट होते. ओव्हनची चावी काकांच्या गळ्यात असते. स्वतःची चावी असताना ते दमट रॉड कशाला लावतील?"

"मग शेठ!" ऋषिकेशचा आवाज चढला. विपुलशेठ ताडकन उठला.

"शेठना चोरी कशाला करावी लागेल?" समीक्षा म्हणाली. "त्यांनी नुसतं सांगितलं असतं, 'नवशा, हा कान सहा इंच सरकव', आणि काम झालं असतं. चावीही मागून घेतली असती. सुट्टीच्या दिवशी येऊन, जवळचे दमट रॉड वापरून हे करणाऱ्याला काम दोघांपासूनही लपवायचं होतं. वेल्डरपासूनही आणि मालकापासूनही. आता कान चुकीच्या जागी बसलाय हे कळल्यावर मालकाला कोण घाबरेल? ज्याने जागेच्या खुणा केल्या तो. आणि ज्याला वेल्डिंग येतं."

गायकरांनी ऋषिकेशकडे एकदा पाहिलं आणि ते विपुलशेठकडे वळले.

"शेठ, मापाचा रिपोर्ट गिऱ्हाइकाला कधी गेला?" गायकरांनी विचारलं.

विपुलशेठने फाइल चाळली. त्याचं बोट थांबलं. "सोमवारी दुपारी. ऋषिकेशच्या सहीने. सगळी मापं बरोबर म्हणून."

"न मोजता पाठवला," ऋषिकेश म्हणाला. तो कोणाकडे बघत नव्हता. "संध्याकाळी मोजलं तर तिसरा कान चुकलेला. आधीची टाकी परत आली तेव्हा शेठ म्हणाले होते, अजून एक चूक झाली की घरी. गुरुवारी गिऱ्हाइकाचा माणूस मापं घ्यायला येणार होता. मला वाटलं, एक कान तर आहे. रॉड जरा ओले होते, पण धरेल." त्याने चष्मा काढला. "मॅडमना मारायचं नव्हतं मला. पाच वाजेपर्यंत फक्त... मला काही सुचेना."

हवालदाराने त्याचा दंड धरला. कोंडी एका बाजूला सरून उभी राहिली. तो तिच्यासमोरून गेला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

७

"एक राहिलं," गायकर म्हणाले. त्यांच्या हातात तो छापील रिपोर्ट होता. "यावर तुमची सही कशी आली?"

विपुलशेठने पटकन खुर्ची पुढे ओढली. आता तिचा कलंक म्हणजे कारखान्याचाही कलंक होता. "नकली असणार, साहेब. त्यानंच मारली असेल. काय मॅडम?"

सगळे मानणार होते. ऋषिकेश नाही म्हणाला असता, तरी आता त्याचं कोण ऐकणार होतं? समीक्षाला नुसती मान हलवायची होती. फाटक उघडं झालं असतं, स्कूटी घेऊन ती अंधार पडायच्या आत पोशीरला पोचली असती आणि उद्या दुसऱ्या कारखान्यात पेटी उघडली असती.

कोंडी दाराला टेकून ऐकत होती. 

"सही माझीच आहे," समीक्षा म्हणाली. "जबाबात लिहा. जूनमध्ये मी दोन कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली."

"हे लिहिलं तर तुमचं सर्टिफिकेट राहत नाही, कल्पना आहे ना?"

"आहे."

गायकरांनी लिहिलं. वाचून दाखवलं. तिने खाली सही केली.

बाहेर वाडीची माणसं उठून उभी होती. खबर आधीच पोचली होती. त्यांनी तिला वाट दिली. समीक्षाने स्कूटी रस्त्यावर आणली आणि कोंडीला म्हणाली, "वाडीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोडते तुम्हाला."

"नको. आमची मानसं हायत."

"तुम्ही दार उघडलंत..."

"तू खरं बोललीस म्हनून उघडलं." कोंडीने पदर डोक्यावर ओढला. "माफ नाय केलं."

ती आपल्या माणसांत मिसळली आणि सगळे डोंगराच्या बाजूने चालू लागले. समीक्षाने स्कूटी चालू केली नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून, शेवटचं माणूस वळणाआड जाईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली.